नळी आधी, बेल मग

ठोसरकाका आमच्याकडे आले की बेल वाजवत नसत. आधी दाराखालच्या फटीतून एक काळी रबरी नळी आत यायची. वीतभर आत आली की थांबायची. मग बाहेरून रबरी पंप दाबल्याचा 'फुस्स, फुस्स, फुस्स' असा आवाज, मग अर्धं मिनिट शांतता, मग नळी मागे जायची आणि त्यानंतर बेल. दार उघडावं तर काका गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं खाकी खोकं सांभाळत उभे असायचे.

"झिरो आहे, बाई. आता बोलायला हरकत नाही."

बहुतेक वेळा ते वाटीभर साखर परत करायला आलेले असत.

मी एकदा विचारलं, "काका, सरळ बेल का नाही दाबत?"

"बेल दाबली की आत ठिणगी पडते. आत गॅस साठलेला असला म्हणजे? मी बेल दाबली आणि तुम्ही गेलात, असं व्हायला नको."

"पण मग तुम्हीही जाल की!"

"मी जाईनच. पण माझ्या चुकीने जाईन. तुमचा काय दोष?"

मी साखरेची वाटी घेतली.

आमची 'सुखदा' सोसायटी नवीन पनवेलात, सुकापूरच्या बाजूला. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर दोन घरं, एकूण आठ बिऱ्हाडं. तिसऱ्या मजल्यावर पाच नंबरात ठोसर, समोर सहा नंबरात आम्ही. आमचे हे उरणला नोकरीला, सकाळी जात ते रात्रीच्या जेवणाला परत. मी प्राथमिक शाळेत, सकाळच्या सत्रात. दुपारी एकपासून मी घरी, म्हणजे काकांच्या प्रयोगांना हक्काचा प्रेक्षक.

काका तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. हवेत कुठला वायू किती आहे हे ओळखणारी यंत्रं लावायची, तपासायची, बिघडली की दुरुस्त करायची हे त्यांचं काम. आपण लिटर आणि किलो वापरतो, ते पीपीएम वापरत. दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. माझ्या चहाचा एक घोट घेऊन म्हणत, "वेलदोडा पाच पीपीएमसुद्धा नाही." आमच्या ह्यांच्या बढतीबद्दल विचारलं तर म्हणाले, "आशा आहे, पण ट्रेस." म्हणजे मोजण्याइतकीही नाही. आणि बढती झालीही नाही.

नाक या अवयवावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

"नाक कामचुकार असतं, बाई. पहिल्यांदा वास घेतं, दुसऱ्यांदा घेतं, तिसऱ्यांदा म्हणतं, मरू दे. काही वायू असे असतात की आधी नाक मरतं आणि मग माणूस."

मग ते सेन्सरचा इतिहास सांगत. तो मला पाढ्यासारखा पाठ झाला होता. आधी पक्षी, मग कागद, मग काच, मग मणी. पूर्वी खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेत. पक्षी कोसळला की माणसं बाहेर पळत. मग रंग बदलणारे कागद आले. मग काचेच्या बारीक नळ्या. दोन्ही टोकं मोडायची, हवा ओढायची, आतली पूड कुठवर रंगली ते बघायचं. आणि आता जपानी मणी. तांदळाएवढा. तो काकांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणला, तेव्हा कापसात ठेवून आम्हाला असा दाखवला की मी नकळत हळदीकुंकू कुठे आहे ते पाहिलं.

"हा सतत गरम ठेवायचा. हवा स्वच्छ असली की हा वीज अडवून धरतो. गॅस लागला की सैल पडतो, वीज जाऊ देतो. बस्स, एवढंच! पक्षी मारायला नको, काही नको."

आता त्या खाकी खोक्याचे पराक्रम. माझ्या सासूबाई पेणहून आल्या होत्या. दुपारी दाराशी पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या. नळी आत आली. सासूबाईंनी शांतपणे हातातली सुरी खाली ठेवली, शेजारचं लाटणं उचललं आणि नळीच्या तोंडावर असा घाव घातला की बाहेरून पंपाऐवजी काकांचाच आवाज आला. "बाई, लाइन चोक झाली!" सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर बोलतोय!" त्यानंतर महिनाभर त्या मला पत्रातून विचारत होत्या, तुमच्या इमारतीतला साप अजून फुसफुसतो का.

मासेवाल्या जनाबाईशी त्यांची गाठ पडली ती जिन्यात. जनाबाई उरणहून येई. पाटी उतरवली, बांगडे मांडले, तोवर वरून नळी उतरली. जनाबाई भडकली.

"ओ ठोसरशेट! माज्या म्हावऱ्याला नली लावतंस? म्हावरा काय चोरीचा हाय?"

"अहो, सहज. झिरो आहे, झिरो."

ते यंत्र जळणाऱ्या वायूसाठी होतं. बांगडा ताजा आहे की चार दिवसांचा, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याने कुठल्याही मेलेल्या माशाला झिरोच सांगितलं असतं. पण जनाबाईने ते ऐकलं, डोक्यात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या इमारतींतून तिची आरोळी ऐकू आली, "झिरो नंबरचा बांगडा! ठोसरसायबान् मशीन लावून पास केलेला!" बायका तिच्याकडे झिरो नंबर मागू लागल्या. एकीने तर एक नंबर दिलास म्हणून तिच्याशी भांडण काढलं. काका खुलासा करायला प्रत्येक इमारतीत गेले, पण तिथेही ते आधी नळी घालत, त्यामुळे कोणी दार उघडेना.

एवढ्यावर थांबले असते तर ते नुसते शेजारी राहिले असते. पण कुठल्याशा वसाहतीत सिलिंडरचा भडका उडाल्याची बातमी आली आणि काकांनी स्वखर्चाने सगळ्या इमारतीला सेन्सर बसवायचं ठरवलं. आठही स्वयंपाकघरांत ओट्याखाली, जमिनीपासून टीचभर वर एकेक डबी. "आपला गॅस जड असतो. डास उडतात तिथे नाही, मुंग्या चालतात तिथे शोधायचा." सगळ्या डब्यांच्या तारा खाली जिन्यात. तिथे एक फळा, त्यावर आठ लाल दिवे आणि वर एक भोंगा. ज्या घरात गॅस गळेल त्याचा दिवा लागणार, भोंगा वाजणार, लोकांनी धावायचं.

भोंगा त्यांनी कारखान्याच्या भंगारातून परवानगी काढून आणला होता. हजार माणसांची पाळी सुटल्याचं सांगायला बनवलेला तो प्राणी आमच्या जिन्यात मावत नव्हता. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा सुकापूरच्या कुत्र्यांनी त्याला उत्तर दिलं.

आणि तो वाजे कशाकशाने! मणी लाइट गेली की गार होई, आणि परत आली की गरम होईपर्यंत त्याला सगळंच गॅस वाटे. पनवेलची लाइट दिवसातून किती वेळा जाई ते पनवेलकरांना सांगायला नको. लाइट आली की आठही दिवे आणि भोंगा. मुलं नाचत, बाळं रडत. काकांनी दोन मिनिटं थांबून मगच बोंबलायचं असं वळण त्याला लावलं, तर तो उदबत्तीला वाजायला लागला. मग कापराला. मग तीन नंबरातल्या मुलीच्या नेलपॉलिशला.

माझ्या मुख्याध्यापिका पहिल्यांदाच माझ्याकडे जेवायला आल्या होत्या. मी लसणाची, हिंगाची अशी सणसणीत फोडणी दिली. भोंगा. बाई हात न धुता, चप्पल न घालता तीन जिने उतरल्या. तीन म्हणजे आमच्या मजल्यापासून गेटापर्यंत जेवढे होते तेवढे सगळे. वरण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला पाचवी काढून पहिलीचा वर्ग दिला. योगायोग असेल.

पण खरा घोळ झाला चेअरमन घरतांचा. घरतशेट इथलेच, वसाहतीत जमिनी गेल्या तेव्हा दोन फ्लॅट घेऊन बसलेले. तोंडात दारूचा थेंब न घेणारा माणूस म्हणून गावभर मान. आणि रोज संध्याकाळी साडेसात वाजता त्यांच्या घराचा, एक नंबरचा दिवा लागायला लागला. रोज. साडेसात म्हणजे साडेसात.

"मणी अल्कोहोलची वाफसुद्धा पकडतो," काकांनी मला निरागसपणे सांगितलं. हे त्यांनी आणखी पाच घरांत तितक्याच निरागसपणे सांगितलेलं होतं.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. घरतवहिनींकडे बायका सहानुभूतीने बघू लागल्या. शेवटी घरतशेट एका संध्याकाळी लुंगी गुडघ्यावर धरून जिन्यात उभे राहिले. "आमी गुडघ्याला स्पिरीटचा तेल चोलतो! खाली पाटावर बसून चोलतो! या, वास घ्या सगल्यांनी!" आणि काय सांगू, आम्ही घेतला. सोसायटीच्या आठ घरांतल्या समस्त सभासदांनी ओळीने वाकून चेअरमनच्या गुडघ्याचा वास घेतला. काकांनी तेवढा घेतला नाही. ते नळी घेऊन आले.

त्या नळीने घरतांचा संयम संपला. पुढच्या रविवारी सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये सभा लागली. विषय एकच, भोंगा व डब्या काढून टाकणे.

काका रंगीत आलेख काढून घेऊन आले होते. सभेपुढे त्यांनी तो कॅलेंडरसारखा धरला. "चुकीचे अलार्म कमी होताहेत. शिवाय आता नवीन मणी आलाय. त्याच्या तोंडाशी कोळशाची गाळणी असते. अल्कोहोल तिथेच अडतं, गॅस तेवढा आत जातो. म्हणजे यापुढे घरतसाहेबांचा गुडघा वगळता येईल."

"ठोसरसाएब," घरत म्हणाले, "तुमचा ग्यान मोठा हाय, आमी मानतो. पन ह्यो डबा आमाला जगू देत नाय. हात वर करा, कोनाकोनाला नको हाय तो."

सहा हात वर गेले. त्यांतला एक माझा होता. पहिलीच्या वर्गातली बेचाळीस मुलं डोळ्यांसमोर ठेवून मी तो चांगला उंच धरला होता. काका आलेखाची गुंडाळी करत म्हणाले, "निदान महिनाभर? निदान नवा मणी येईपर्यंत?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आजवर ते सगळ्यांना समजावत. आज मागत होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. फळ्यावर पाच नंबरचा दिवा.

एकच हशा पिकला. "घ्या! मालकालाच पकडलं!" कोणी टाळ्या वाजवल्या. काका हसले नाहीत. आलेख तिथेच पडला आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावला. "बेलला हात लावू नका! दिवा लावू नका!" असं ओरडत होते, पण मागे कोणी येतच नव्हतं. माझं घर समोरचं, म्हणून मी गेले.

त्यांनी किल्लीने दार उघडलं आणि गॅसचा भपकारा माझ्या तोंडावर आला. माझ्या नाकाने तरी त्या दिवशी कामचुकारपणा केला नाही. आत सुमनकाकू, म्हणजे ठोसरकाकांची बायको, ओट्यापाशी उभ्या होत्या. शेगडीचं बटण उघडं, वर चहाचं आधण, आणि काकूंच्या हातात लायटर. मला किंचाळायचं होतं. काकांनी माझा दंड धरला.

"सुमन," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "तो लायटर दे बघू इकडे."

"का?"

"तपासायचाय."

"मेलं तुमचं ते तपासणं! चहा तरी टाकू द्या माणसाला," असं म्हणत काकूंनी लायटर त्यांच्या हातावर ठेवला. रोज देत असल्यासारखा.

काकांनी तो खिशात घातला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आम्हा दोघींना गॅलरीत आणलं. भोंगा हळूहळू गप्प झाला. काकू माझ्याकडे बघून हसल्या. "नीला, कधी आलीस गं? थांब, चहा टाकते." पाच मिनिटांत हे त्या तीनदा म्हणाल्या. त्या असं तेच तेच विचारतात हे मला माहीत होतं. मी समजत होते, बोलक्या आहेत.

"दोन वर्षं झाली," काका हळू म्हणाले. "विसरते. वासही येत नाही हल्ली. रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला होता मी एकदा. संध्याकाळी आलो तर ओट्यासमोर उभी. कधीपासून उभी होती कोण जाणे. म्हणाली, माझं काय चुकलं? परत लावला."

"आणि मग हा भोंगा?"

"आधी आमच्याच घरात लावला होता, छोटा. मी कामावर असताना वाजला, तर हिने दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतला. रडत होता म्हणाली. म्हणून जिन्यात लावला. कोणीतरी धावून येईल म्हणून."

"मग आठ घरांत कशाला, काका?"

"एकट्या माझ्याच घरात लावला असता तर लोकांनी विचारलं असतं, यांनाच का? आठही घरांत लावला की वेडा मी ठरतो. ते बरं." मग म्हणाले, "ती नळीसुद्धा आधी माझ्याच दाराखाली घालायचो. घरी येताना रोज भीती वाटते हो. तुम्ही एकदा बघितलंत, मग सगळ्यांच्याच घालायला लागलो."

मला स्वतःची लाज वाटली. तो उंच धरलेला हात कुठे ठेवावा कळेना.

"खाली सांगू नका," ते म्हणाले. "तिच्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलेल. तिला ते बरोबर कळेल. बाकी काही कळत नसलं तरी ते कळेल."

आम्ही खाली आलो. सगळे मजा बघायला थांबलेच होते.

"काय झाला, साएब?" घरतांनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "मशीनची चूक."

दहा पीपीएमवरून जगाशी भांडणारा माणूस हे म्हणाला. आता सहा हातांचे सात होणार आणि डबा जाणार, हे त्यांनाही माहीत होतं. मग माझं तोंड माझ्या आधी उघडलं.

"मशीनची चूक नाही. माझी चूक. मी काकूंच्या शेगडीवर दूध ठेवायला गेले होते. बटण उघडं टाकून तशीच सभेला आले. सगळं घर गॅसने भरलं होतं. भोंगा नसता तर आज आपण सभा नाही, दुसरंच काही करत असतो."

मग घरतशेट माझ्याकडे वळले. "बाय, तू मास्तरीन हायस ना? पोरांना काय शिकवतंस?" पुढची वीस मिनिटं त्यांनी मला गॅस कसा वापरावा यावर भाषण दिलं. पुन्हा हात वर झाले, या वेळी भोंगा ठेवण्यासाठी. आठही. भोंगा राहिला.

संध्याकाळी काका आले. नळी, पंप, झिरो, बेल. "बाई, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"चांगलं बोललात. पण स्वतःचं घर सोडून दूध आमच्या शेगडीवर का ठेवलंत, ते राहिलं. कोणी विचारलं तर सिलिंडर संपला होता म्हणा." आणि पाठ फिरवून उगाच चष्मा पुसत राहिले.

माझी कीर्ती झपाट्याने पसरली. जनाबाई म्हणाली, "गॅस उगडा टाकून फिरतंस म्हनं?" सासूबाईंचं काळजीचं पत्र आलं. घरतशेटनी जिन्यात सूचना लावली: 'सदनिका क्र. ६ यांच्या निष्काळजीपणामुळे मोठा अनर्थ टळला. सर्वांनी गॅसची बटणे तपासावीत.' अनर्थ निष्काळजीपणामुळे कसा टळतो, हे मी विचारलं नाही.

ती सूचना काकूंनी वाचली. दुपारी तीनला खाली दही आणायला गेल्या, वाचली आणि धावत माझ्याकडे आल्या. "नीला! अगं गॅस उघडा टाकलास? जपत जा गं बाई! चल, दाखव मला." माझं बटण बघितलं. मग मला हाताला धरून स्वतःच्या घरी नेलं. "हे बघ, असं फिरवायचं. उलट नाही. सोपं आहे. घाबरू नकोस." आणि आपलं बटण नीट बंद करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काकू हे सगळं विसरल्या होत्या. पण दही आणायला गेल्या, सूचना नव्याने वाचली आणि तेवढ्याच घाबऱ्या होऊन धावत आल्या. तिसऱ्या दिवशीही. मग रोज तीन वाजता आम्ही दोघी आधी माझं बटण बघायचो, मग त्यांचं. मला ओरडताना त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की मी मुद्दाम म्हणायचे, "काकू, कुठल्या बाजूला फिरवायचं म्हणालात?"

काही महिन्यांनी घरतशेट ती सूचना काढायला निघाले. "बायची बदनामी बस झाली," म्हणाले. काकांनी त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे आले.

"बाई, तुमची बदनामी अजून थोडे दिवस चालू ठेवली तर चालेल का? तिच्याहून विसरभोळं कोणीतरी आहे म्हटल्यावर फार बरं वाटतं हो तिला."

मी चालेल म्हटलं. जिन्यातल्या ओलीने तो कागद पुसट झाला, तेव्हा शाळेतून येताना पांढरा पुठ्ठा आणला, काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या, फळ्यावरच्या अक्षरात माझा निष्काळजीपणा पुन्हा लिहून काढला, आणि खाली घरतांची सही घेऊन आले.